सुटण्यापुरती जागा

हेरल्ड घेतली तेव्हा देवळाली कॅम्पातले केकोबाद म्हणाले होते,
"ब्रेक एकदम फर्स्टक्लास, बाई. पायाला नुसती आठवण करून द्यायची."
खोटं नव्हतं.
बिटकोच्या सिग्नलला मी चपलेचा अंगठा टेकवला फक्त,
आणि अच्युतच्या मांडीवरचे अडीच किलो पेरू
डॅशबोर्डखाली गेले गडगडत.
त्यातला एक सापडलाच नाही.
वास मात्र यायला लागला, आठवड्याने.

प्रेसमध्ये एकतीस वर्षं कागद मोजले मी.
एक ताव कमी भरला तर पाळीतलं कुणी घरी जात नसे,
त्यामुळे मला अंदाजपंचे चालत नाही.
वहीत लिहून ठेवलं:
सकाळी थंड असताना शहाण्यासारखी वागते.
उपनगर ओलांडेपर्यंत हळवी.
द्वारकेला तिला शब्दही सोसत नाही.
पुढची दोन्ही चाकं हात न लावण्याइतकी तापलेली,
पेट्रोल जास्त खाते,
उतारावर सोडली तरी जात नाही.

सातपूरच्या पोराने शू बदलले.
लायनिंग नवी आहे, बसेल म्हणाला. बसली नाही.
अंबडला ड्रम लेथवर चढवले,
"अंडाकृती झाले होते" असं अशा स्वरात सांगितलं
जणू आमच्या घराण्यातच ते चालत आलंय.
तिसरा म्हणाला, मॅडम, लोक येतात ब्रेक लागत नाही म्हणून,
तुमचा लागतो तर रडता कशाला?
अच्युत तेवढ्यापुरता हसला.
त्याचा डावा हात तोवर डॅशबोर्डवर
कायमचा राहायला गेला होता.

मग कुणीतरी निसार खतीबांचं नाव सांगितलं.
वडाळा नाक्याच्या मागे, चिंचेखाली, पाटी नाही.
त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही.
"आधी फिरवून आणा. थंड गाडी खोटं बोलते."
म्हसरूळपर्यंत जाऊन आले.
जॅक लावला. त्यांनी चाक हाताने ढकललं,
ते फिरलं नाही, कण्हलं.
मग चाकामागच्या निपलला पाना लावून
अर्धा आटा सैल केला,
तर तेलाची चिळकांडी थेट त्यांच्या बाहीवर.
चाक गरकन फिरलं.

"पेडलवर कुणाचा पाय आहे?"
मी बाहेर. अच्युत बाहेर, हातात चहा.
"कुणाचाच नाही."
"मग हा दाब कुणाचा?"

आम्ही दोघंही गप्प.

"जास्त लागत नाही हो तुमचा ब्रेक. तो पुरता सुटतच नाही.
पेडलचं हललेपण काढून टाकलंय कुणीतरी,
नीटनेटका माणूस असणार.
दांडा कायम टेकलेला, परतीचं भोक बंद.
तेल तापून फुगतं, जाणार कुठे?"

मग ते सीटवर उलटे झोपले, पाय दाराबाहेर,
आणि आतून आधी एक काळा, सुरकुतलेला पेरू बाहेर आला.
नंतर नट सैल झाल्याचा आवाज.
फीलर गेज होता त्यांच्याकडे, पण सापडेना,
म्हणून बिडीच्या बंडलाचा कागद दुमडून लावला मध्ये.
कागद म्हटल्यावर मला राहवेना.
बोटात धरून पाहिला, म्हणाले,
"अजून एक घडी घाला."
त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि घातली.

ऐंशी रुपये घेतले. नटाला काय लागतं, म्हणाले.

परतताना पहिल्यांदा पाय दाबला
तर अर्धा इंच काहीच नव्हतं तिथे.
पोकळ. पोटात गोळा आला.
त्या पोकळीच्या पलीकडे ब्रेक होता,
सावकाश, भरल्या हाताचा.
बिटकोला गाडी थांबली
खुर्ची ओढून कुणी बसावं तशी.

अच्युतचा हात डॅशबोर्डवरच होता, तळवा पसरलेला.
सिग्नल सुटेपर्यंत मी त्या हाताकडे बघत राहिले.
तो पुढे बघत होता,
रस्त्याकडे,
जिथे काहीच आडवं आलेलं नव्हतं.